तीन पत्ते आणि मधली जागा

होळी झाली की नगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा सुरू होते आणि पाडव्यापर्यंत चालते. भटक्यांची पंढरी म्हणून ती ओळखली जाते. अशा यात्रांमध्ये एके काळी पोपटवाला जोशी हमखास दिसायचा. पिंजऱ्याचे दार उघडले की पोपट तुरुतुरु बाहेर यायचा, पाकिटांच्या ओळीतले एक पाकीट चोचीने ओढायचा, बक्षिसाचा दाणा टिपायचा आणि परत आत जायचा. पाकिटातून देवाचे चित्र निघायचे. पुढचे सगळे जोशीबुवांच्या जिभेवर! देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा ठरले आणि हे दृश्य विरळ होत गेले.

आता नगरच्या सावेडी उपनगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये पोपटाचे काम टॅरोचे पत्ते करतात. कॉलेजात जाणारी मुलगी ऑनलाइन कॅट मागवते, मैत्रिणीसमोर तीन पत्ते मांडते आणि तिच्या नोकरीची किंवा जुळता जुळता फिसकटलेल्या लग्नाची गोष्ट सांगू लागते. एका कॅटमधून गोष्ट झऱ्यासारखी वाहते. हौसेने घेतलेला दुसरा कॅट त्याहून देखणा, सोनेरी कडांचा असतो. पण त्याचे तीन पत्ते मांडले की जीभ अडते, पुस्तिका उघडावी लागते आणि मैत्रीण जांभई देते.

दोन्ही कॅटमध्ये पत्त्यांची संख्या तीच, बऱ्याचदा नावेही तीच. मग एक बोलका आणि दुसरा मुका का?

हुकूम आणि साधी पाने

टॅरो मुळात पत्त्यांचा खेळ होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांमध्ये तो खेळला जाई. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी १४५० च्या सुमारास रंगवलेले सोनेरी पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात. पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी अशा चार रंगांची प्रत्येकी १४, म्हणजे ५६ पाने. आपल्या राजा, राणी, गुलामाच्या जोडीला इथे एक घोडेस्वार जास्त; बाकीची एक्का ते दश्शी ही साधी पाने. उरलेली २२ पाने म्हणजे कायमचे हुकूम. आपल्या खेळात हुकूम दर डावाला बदलतो, तिथे तो ठरलेलाच असे. वेडा पीर, सम्राट, चंद्र, मृत्यू अशी चित्रे या पानांवर असतात. पुढे ज्यांना गूढविद्येचे वलय मिळाले ती हीच.

ते वलयही बऱ्याच उशिरा आले. टॅरोत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले आहे असे १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबेलँ याने छापले. त्याला पुरावा काहीच नव्हता, पण कल्पना इतकी झकास होती की लोकांनी ती उचलून धरली. तीनेकशे वर्षे डाव टाकून झाल्यावर पत्ते भविष्य सांगू लागले.

एकोणीस पेले

बोलक्या आणि मुक्या कॅटमधला फरक पाहायला एक प्रयोग पुरतो. पेल्यांची छक्की, पंजी आणि अठ्ठी अशी तीन पाने ओळीने मांडायची.

आधी फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय वळणाचा कॅट घेऊ. छक्कीवर सहा पेले, पंजीवर पाच, अठ्ठीवर आठ, सोबत थोडी वेलबुट्टी. एकूण १९ पेले. हा भांड्यांच्या दुकानाचा हिशेब झाला.

आता १९०९ मध्ये लंडनला निघालेला रायडर-वेट कॅट घेऊ. छक्कीवर एका जुन्या घराच्या अंगणात एक मुलगा चिमुकल्या मुलीला फुलांनी भरलेला पेला देतो आहे. पंजीवर काळा झगा पांघरलेला माणूस मान खाली घालून उभा. त्याच्यापुढे तीन पेले कलंडलेले, पाठीमागे दोन शाबूत, पण त्यांच्याकडे त्याचे लक्ष नाही. पलीकडे नदी आणि पूल. अठ्ठीवर रात्रीची वेळ. आठ पेले नीट रचून ठेवलेले आहेत आणि लाल वस्त्रातला एक माणूस काठी टेकत, आपल्याकडे पाठ करून डोंगराकडे निघाला आहे.

पुस्तिका उघडावीच लागत नाही. बालपणीचे प्रेम, मग काहीतरी सांडले, मग घर सोडले. हीच तीन पाने उलट क्रमाने लावली तर गोष्टही उलटते. कोणी घर सोडून गेला, परमुलखात पस्तावला आणि शेवटी त्याच अंगणात परतला. पाने तीच; बदलला तो फक्त क्रम.

गंमत अशी की पत्त्यांवर यातले फारच थोडे काढलेले आहे. अंगणातला मुलगा आणि झगेवाला माणूस एकच, असे कुठेच लिहिलेले नाही. दोन पत्त्यांमध्ये किती वर्षे गेली, काय घडले, तेही नाही. तो पूल बघणाऱ्याचे मन बांधते. टेबलावर दोन पत्त्यांच्या मध्ये जी बोटभर जागा सुटते, तिथे खरी गोष्ट घडते.

मनाची ही खोड प्रयोगातही दिसली आहे. फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये एक छोटी फिल्म केली. तिच्यात मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण आणि वर्तुळ एका चौकोनाभोवती हलतात, बस्स. पाहिलेले लिहून काढा, असे ३४ विद्यार्थिनींच्या गटाला सांगितले. फक्त एकीने भूमितीच्या भाषेत लिहिले. बाकीच्यांना त्या आकृत्यांत दांडगाई, पाठलाग, सुटका असे काही ना काही दिसले. काही हलताना दिसले की मन त्यामागे हेतू शोधते. दोन प्रसंग शेजारी आले की त्यांच्यात कारण शोधते. चांगल्या कॅटने या खोडीला खाद्य पुरवायचे, एवढेच.

अंक, नाम आणि क्रियापद

हीच गोष्ट शाळेच्या व्याकरणात बसवता येते. मार्सेय कॅटची साधी पाने अंक देतात: पाच, सहा, आठ. लेनोर्मां नावाचा ३६ पत्त्यांचा आणखी एक कॅट युरोपात चालतो. तो नामे देतो. जहाज, घर, झाड, पत्र. त्यात दोन-दोन पत्ते जोडून अर्थ लावतात, म्हणजे जहाज आणि घर शेजारी आले की स्थलांतर. रायडर कॅट क्रियापदे देतो: देतो आहे, शोक करतो आहे, निघाला आहे. मराठी वाक्य शेवटच्या क्रियापदाशिवाय लोंबकळते, तशीच पत्त्यांची ओळही.

चौथी एक जात आहे, ती थेट निकाल देते. गूढविद्येचा उपासक ॲलिस्टर क्रोली आणि चित्रकार लेडी फ्रीडा हॅरिस यांचा थॉथ कॅट १९३८ ते १९४३ या काळात रंगवला गेला आणि छापील रूपात १९६९ मध्ये आला. रंग आणि भूमिती पाहावी तर डोळे निवतात. पण त्याच्या साध्या पानांवर शब्दच छापलेले आहेत. आपल्या त्याच तीन पानांवर अनुक्रमे सुख, निराशा आणि आळस अशा अर्थाचे शब्द येतात. निकाल आधीच लागला, साक्षीदार बोलावण्यात काय हशील? चिंतनाला हा कॅट उत्तम असेल, गोष्टीला नाही.

आपल्याकडचा गंजिफा या हिशेबात मार्सेयच्या बाजूला बसतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा, अशी १२० गोल पाने असतात. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान यांची चित्रे सुरेख, बाकीच्या दहा पानांवर नुसत्या खुणा: मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाच्या कुऱ्हाडी. दिवसा राम आणि रात्री कृष्ण डावाची सुरुवात करतो, ही तिथली गोड रीत. पण सात कासवे आणि चार कुऱ्हाडी शेजारी ठेवून कथा सांगता येत नाही. तशी अपेक्षाही नाही; तो खेळायचा कॅट आहे.

अर्थात कसलेला माणूस अंकांतूनही गोष्ट काढतो. इटालियन कादंबरीकार इतालो काल्व्हिनोने एका पुस्तकात वाचा गेलेल्या प्रवाशांना टॅरोची पाने मांडून आपापल्या कहाण्या सांगायला लावल्या. पुस्तकाचा एक भाग व्हिस्कोंती पत्त्यांवर, दुसरा मार्सेयवर. संपूर्ण पुस्तक १९७३ मध्ये आले. मार्सेयच्या भागाने आपल्याला वर्षानुवर्षे छळले, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. काल्व्हिनोची ही गत, तर घरच्या टेबलावरच्या नवशिक्याने सोपा कॅट घ्यायला लाजू नये.

पिंगुळीची पोथी

चित्रे मांडून गोष्ट सांगण्याचे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने ही चित्रकथी परंपरा जिवंत ठेवली आहे. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री पुरस्कार मिळाला. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची चळत असते, तिला पोथीच म्हणतात. कथेकरी एकेक चित्र उभे धरतो, गातो, सांगतो आणि पुढचे काढतो.

याच शैलीची चित्रे विसाव्या शतकात पैठणला संग्राहकांच्या हाती लागली आणि पैठणी चित्रे म्हणून गाजली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात यातली कित्येक चित्रे पाहायला मिळतात. ती पाहताना तीन युक्त्या लक्षात येतात आणि तिन्ही टॅरोच्या खरेदीत उपयोगी पडतात.

पहिली, चेहरे बाजूने काढलेले आणि डोळे मोठे. त्यामुळे कोण कोणाकडे पाहतो आहे हे दुरूनही कळते. रायडर कॅटमध्ये पेल्यांचा घोडेस्वार उजवीकडे तोंड करून येतो, तर कड्याच्या टोकावर निघालेला वेडा पीर डावीकडे पाहतो. घोडेस्वार डावीकडे आणि पीर उजवीकडे ठेवला तर दोघे समोरासमोर येतात: कोणीतरी पेला पुढे करून भेटायला आले. जागा बदलल्या की दोघांची पाठ एकमेकांना: भेट हुकली. सगळी माणसे फोटोला बसल्यासारखी थेट समोर पाहत असलेला कॅट ही सोय हिरावून घेतो.

दुसरी, पात्राची ओळख चित्रागणिक बदलत नाही. राम पहिल्या चित्रात जसा, तसाच विसाव्यात. टॅरोत एकच नायक नसतो, तरी जागा आणि वस्तू परतून याव्या लागतात. रायडर कॅटमध्ये मृत्यूच्या पत्त्यावर क्षितिजावर दोन बुरूज दिसतात. चंद्राच्या पत्त्यावर तसेच बुरूज जवळ आलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते, आपण चालत इथवर आलो. ७८ चित्रकारांनी एकेक पत्ता काढलेले संच भिंतीवर शोभतात, पण ते पत्ते एकाच गावचे वाटत नाहीत.

तिसरी युक्ती पार्श्वभूमीची. चित्रकथीत मागे पसारा नसतो. माणूस आणि त्याची कृती एवढेच. दागिन्यासारखे कोरीव काम केलेल्या पत्त्यात नजर नक्षीतच फिरत बसते.

पोथी आणि टॅरो यांत एक मोठा फरक मात्र आहे. पोथीचा क्रम ठरलेला, टॅरो पिसलेला. ७८ पानांतून तीन पाने क्रमाने मांडण्याचे ४,५६,४५६ प्रकार होतात. एवढ्या जोडण्यांत प्रत्येक चित्र कोणाच्याही शेजारी बसले पाहिजे. म्हणून टॅरोच्या चित्रात प्रसंग अर्धवट सोडलेला असावा लागतो. रामायण-महाभारतावर बेतलेले देशी कॅट इथेच अडखळतात. द्रौपदीचे चित्र निघाले की आपल्याला पुढचे सगळे पाठ. मग शेजारच्या पत्त्याला बोलायला जागाच उरत नाही.

नगरच्या हस्तलिखितातली राणी

रिकामी जागा किती बोलते, याचा नगरचा स्वतःचा दाखला आहे. हुसेन निजामशहा पहिला याने १५५३ ते १५६५ या काळात इथे राज्य केले. त्याच्या स्तुतीत आफताबी या कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचले. त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात बारा चित्रे आहेत: दरबार, राजाराणीचा सहवास, राणीच्या स्पर्शाने फुललेले झाड आणि १५६५ मध्ये विजयनगरशी झालेली तालिकोटची लढाई. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

राणीचे नाव खुंझा हुमायून, चांदबिबीची आई. हुसेन गेल्यावर बालराजा मुर्तझाच्या नावाने तिने कारभार पाहिला. पुढे मुलाशीच बिनसले, ती कैदेत पडली. या हस्तलिखितात राजाशेजारची तिची आकृती बऱ्याच ठिकाणी रंग फासून किंवा खरवडून काढलेली आहे. राजा कोणाकडे तरी वळून बसला आहे आणि तिथे नुसता डाग! पाहणारा बाकी दरबार सोडून त्या डागापाशीच थांबतो. पुसणाऱ्याला राणी विसरली जायला हवी होती, घडले उलटेच.

कॅट काढणारा चांगला चित्रकार हेच मुद्दाम आणि बेताने करतो. पेल्यांच्या पंजीवर माणसाचा चेहरा जवळजवळ झाकलेला, अठ्ठीवर पाठ फिरवलेली आणि रचलेल्या पेल्यांच्या वरच्या ओळीत एक फट. डोळा त्या फटीत अडकतो आणि जीभ सुटते.

चौकट : कॅट विकत घेण्याआधी

• हुकमाची पाने पाहून भुलू नये. ती सगळ्याच कॅटमध्ये देखणी असतात. साध्या पानांचे नमुने पाहावेत. त्यांवर माणसे काही करताना दिसतात का?
• कोणतीही तीन पाने घेऊन प्रत्येकाला एकच क्रियापद द्यावे. मग क्रम बदलावा. गोष्ट बदलली नाही तर कॅट मुका.
• नजरा डावी-उजवीकडे वळलेल्या असाव्यात.
• पत्त्यावर छापलेला अर्थ जितका कमी, तितका बरा.
• तलवारींची दश्शी जरूर पाहावी. रायडर कॅटमध्ये तिथे पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस पडलेला असतो. ‘मन दुखावू नये’ म्हणून तिथेही फुलपाखरे काढली असतील, तर त्या कॅटमध्ये संकट नाही आणि संकटाशिवाय गोष्ट नाही.

मग भविष्याचे काय?

इथवर वाचून कोणी विचारील, की गोष्ट ठीक, पण ती खरी ठरते का? उत्तर कॅट निवडण्याच्या खटाटोपातच आहे. नशीब पत्त्यात उतरत असते तर १९ पेले आणि अंगणातला मुलगा यांत काही फरक पडला नसता. चित्र बदलल्याने सांगणे बदलते, याचा अर्थ सांगणे चित्रातून आणि सांगणाऱ्याकडून येते.

ते इतके अचूक का वाटते, याचेही उत्तर जुने आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर याने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना त्यांचे ‘वैयक्तिक’ स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात मजकूर सगळ्यांना एकच होता आणि तो मुख्यतः राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवून प्रत्येक ज्योतिषाकडे ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी इतपत जमले असते. चाचणी पत्रिकांची होती, पत्त्यांची नव्हे. पण पिसलेल्या पत्त्यांनी याहून बरे करावे असे कोणतेही कारण दिसत नाही.

तेव्हा पत्त्यांवर विसंबून नोकरी सोडू नये, औषध तर मुळीच बंद करू नये. गोष्ट म्हणून मात्र त्यांचा उपयोग खरा आहे. मनात घोळणारी गोष्ट बोलता येत नसेल तेव्हा ‘हा झगेवाला बघ’ असे म्हणून सुरुवात करता येते. लेखन शिकणाऱ्यांना आणि मुलांना गोष्टी रचायला लावणाऱ्या शिक्षकांना तर हा ७८ चित्रांचा खजिनाच आहे.

कोपऱ्यातली खूण

साध्या पानांवर माणसे रायडर कॅटच्या आधी जवळजवळ नव्हतीच. मोठा अपवाद म्हणजे १४९१ च्या सुमारास इटलीत झालेला सोला-बुस्का कॅट. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली आणि नव्या कॅटच्या काही पानांवर त्याची छाप स्पष्ट दिसते. नवी पाने काढणारी बाई होती पामेला कोलमन स्मिथ. जन्म लंडनचा, १८७८ चा. लहानपणाचा काही काळ जमैकात गेला. तिथल्या कोळ्याच्या, म्हणजे अनान्सीच्या लोककथांचे तिचे पुस्तक १८९९ मध्ये निघाले. लंडनच्या दिवाणखान्यांत ती जमैकाच्या बोलीत, छोट्या बाहुल्या मांडून या कथा रंगवून सांगे. पिंगुळीच्या ठाकरांकडेही चित्रकथीच्या जोडीला कळसूत्री बाहुल्या आहेतच. नाटक कंपनीत पडदे आणि वेषभूषा यांचे कामही पामेलाने केले होते. तिच्या पत्त्यांतले मागचे समुद्र आणि डोंगर संगीत नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखे दिसतात, ते त्यामुळेच.

गूढविद्येचा अभ्यासक आर्थर वेट याच्या सांगण्यावरून तिने सहाएक महिन्यांत सगळा कॅट काढला. साध्या पानांवर काय काढायचे, हे बहुतांशी तिनेच ठरवले असावे, असे अभ्यासक मानतात. कॅटच्या नावात प्रकाशक रायडर आला, वेट आला. ती बरीच वर्षे आली नाही. १९५१ मध्ये ती कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी कर्जात वारली. हा कॅट हातात आला तर पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात नीट पाहावे. वेलीच्या वळणासारखी दिसणारी एक छोटी खूण असते. ती तिची आद्याक्षरे आहेत.